साबण जातो कुठे?

मुलांनो, आज तुम्हाला माझीच एक चूक सांगायची आहे. बाईसुद्धा चुकतात का, असं तुम्ही विचाराल. चुकतात हो, आणि कधी कधी चांगल्या घसघशीत चुकतात! ही चूक मी साऱ्या शाळेसमोर केली, त्यामुळे ती चार लोकांत सांगायलाही हवी. शिवाय त्या चुकीमागून जे काही निघालं ते इतकं मजेदार होतं की, आमचा चौथीचा वर्ग पुढचे पंधरा दिवस साबण, लिंबू आणि मीठ यांच्यातच बुडाला होता.

आमची शाळा लहान आहे. चार वर्ग आणि दोन शिक्षक. गावाबाहेर दोन-अडीच किलोमीटरवर एक वस्ती आहे, तिथून सात-आठ मुलं चालत शाळेला येतात. त्यांतलीच चौथीतली एक मुलगी. तिचं खरं नाव सांगत नाही, आपण तिला चिमी म्हणू. चिमी पाढ्यांत पक्की आणि अक्षरही टपोरं. पण गणवेशाचा सदरा पाहावा तर कायम मळकट, राखाडी. हात लावला तर खळ घातल्यासारखा कडक.

पावसाळ्याचे दिवस होते. एका सोमवारी परिपाठात स्वच्छतेची पाहणी चालली होती. नखं, केस, रुमाल बघत बघत मी चिमीपाशी आले आणि बोलून गेले, "काय गं, सदऱ्याला साबण दाखवता की नाही तुमच्या घरी?"

सगळी मुलं खो खो हसली. चिमी खाली मान घालून उभी राहिली. मीही तो विषय तिथेच विसरले.

दुसऱ्या दिवशी चिमी ओलाच सदरा घालून आली. रात्री धुतलेला, पावसाळी हवेत न वाळलेला. प्रार्थना झाल्यावर ती माझ्या टेबलापाशी आली आणि दप्तरातून वर्तमानपत्राच्या कागदाची एक पुडी काढून तिनं माझ्यापुढे ठेवली.

"बाई, आईनं दाखवायला दिलंय."

पुडीत कपड्याच्या साबणाचा तुकडा होता, झिजून झिजून पापडीएवढा झालेला.

"आई म्हणाली, बाईंना सांग, शनिवारी नवी वडी काढली होती, आज एवढीच उरली. आठवड्याला दोन वड्या लागतात आम्हाला. आम्ही साबण लावतो."

मला काय बोलावं सुचेना. माझ्या घरी आम्ही चौघं आणि एक वडी मला आठ दिवस पुरते. चिमीच्या घरीही चौघंच. मग त्यांच्या घरातला साबण जातो कुठे?

शाळा सुटल्यावर मी तिच्याबरोबर वस्तीवर गेले. तिची आई दगडावर धुणं धूत होती. शेजारी बोअरचं पाणी भरलेली बादली. मी बघत राहिले. बाई कपड्याला साबण चोळत होती, चोळत होती, पण फेसाचा पत्ता नाही. उलट बादलीतल्या पाण्यावर पांढऱ्या कवड्या तरंगायला लागल्या, दूध नासल्यावर दिसतात तशा. बादलीच्या कडेला बोटभर रुंदीचं राखाडी, चिकट कडं. ते नखानं खरवडलं तर मेणासारखं लागलं.

"पाणीच असलं हट्टी आहे बाई," चिमीची आई म्हणाली. "पहिली विहीर होती तवा बरं होतं. ती आटली, मग बोअर घेतली. तवापासून साबणाला फेस नाही की डाळीला शिजणं नाही."

म्हणजे सदरा राखाडी होता तो साबण न लावल्यामुळे नव्हे. साबण लावल्यामुळेच होता! त्या चिकट कवड्या कापडाच्या धाग्याधाग्यात बसत होत्या आणि मळाला धरून ठेवत होत्या.

हे कसं होतं ते समजून घ्यायचं तर आधी साबणाची ओळख करून घ्यायला हवी. साबण म्हणजे तेलाचं किंवा चरबीचं लेकरू. तेलावर कॉस्टिक सोड्याची क्रिया केली की साबण आणि ग्लिसरीन तयार होतं. या साबणाचा एक कण डोळ्यांसमोर आणा. बेडकाच्या पिल्लासारखा दिसेल. इवलंसं डोकं आणि लांबलचक शेपूट. शेपटी कार्बनच्या अणूंची, एकामागे एक जोडलेले सोळा-अठरा डबे असावेत तशी. ही शेपटी जातीची तेलकट, तिला पाण्याचा तिटकारा. डोकं मात्र पाण्याचं वेडं, कारण त्याच्यावर ऋण विद्युतभार असतो. पाण्याचे कण असा भार दिसला की त्याच्याभोवती गोळा होतात. म्हणून एवढी जड तेलकट शेपटी असूनही डोक्याच्या जोरावर साबण पाण्यात उतरतो. शेपटी मळाच्या तेलात खुपसायची, डोकं पाण्याकडे ठेवायचं आणि मळाला ओढून न्यायचं, हाच साबणाचा धंदा.

सगळा खेळ त्या डोक्यावरच्या भाराचा आहे. भार गेला की साबण बुडाला. म्हणजे खरं तर बुडत नाही, वर तरंगतो!

हे वर्गात सांगितल्यावर मुलांचे चेहरे कोरेच राहिले. साहजिक आहे. न दिसणाऱ्या कणाच्या डोक्यावरचा न दिसणारा भार! म्हणून मग आम्ही प्रयोगच करायचे ठरवले. तुम्हीही करा. एकच अट, साबण खरा हवा. आजकाल साबणाच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या पुष्कळ वड्या साबण नसतातच, त्या डिटर्जंटच्या असतात. अंघोळीच्या साबणाच्या वेष्टनावर बारीक अक्षरांत टीएफएम आणि पुढे ७६ टक्के वगैरे आकडा लिहिलेला असतो. टीएफएम म्हणजे साबणातला एकूण मेदांश. तो आकडा ज्यावर आहे ती वडी घ्या.

लिंबाची करामत

पहिल्या प्रयोगाला पावसाचं पाणी लागतं. पागोळीचं नको, उघड्या आभाळाखाली पातेलं ठेवून धरलेलं हवं. पाऊस नसेल तर आरओचं पाणी चालेल. ते कोमट करून त्यात साबणाचा चमचाभर कीस विरघळवायचा. ढवळलं की झकास फेस येतो. आता त्यात अर्ध्या लिंबाचा रस पिळा आणि बघा. फेस बसतो, पाणी दुधासारखं पांढरं होतं आणि थोड्या वेळानं वर साय धरल्यासारख्या कवड्या जमतात.

आमच्या वर्गातला एक पठ्ठ्या म्हणाला, "बाई, साबणाचं दूध फाटलं!"

त्याचं म्हणणं काही अगदीच चूक नव्हतं. लिंबाच्या रसात आम्ल असतं. आम्ल म्हणजे हायड्रोजनचे धनभार असलेले कण उदार हातानं वाटणारा दाता. असा एक कण साबणाच्या डोक्यावर जाऊन बसला की धन आणि ऋण मिळून हिशेब शून्य. डोक्यावरचा भार गेला, पाण्याची ओढ संपली, राहिली ती नुसती शेपटी. आता हा साबण राहिलाच नाही, तो झाला मेदाम्ल. मेणबत्तीत असतो तो पदार्थ याच घराण्यातला. तो पाण्यात विरघळतो किती? जवळजवळ नाहीच.

तुमच्यापैकी ज्यांचे आईवडील शेती करतात त्यांनी 'सामू' हा शब्द ऐकला असेल. माती तपासायला दिली की अहवालात तो लिहून येतो. पाण्याचाही सामू असतो. शुद्ध पाण्याचा ७, लिंबाच्या रसाचा २ ते ३ आणि साबणाच्या पाण्याचा ९-१० च्या आसपास. सामू खाली उतरला की आम्लता वाढली. साबण वरच्या मजल्यावर सुखानं राहतो, खाली उतरवला की त्याचा मेदाम्ल होतो.

गंमत पुढेच आहे. त्या दुधाळ पाण्यात धुण्याचा सोडा चिमूट चिमूट टाकत जा. आधी फसफसेल, कारण सोडा प्रथम लिंबाशी भांडतो. लिंबाचा जोर संपला की पाणी निवळायला लागतं, आणि ढवळलंत तर फेस परत! सोड्यानं सामू वर नेला, डोक्यावर बसलेले हायड्रोजन उठवले, भार परत आला. हे पाहून मुलांनी टाळ्या वाजवल्या. खरं सांगते, मीही वाजवल्या. डी.एड.ला असताना हे सगळं मी पुस्तकात वाचलं होतं, पण हातानं कधी केलं नव्हतं. (धुण्याचा सोडा मोठ्या माणसांनी टाकायचा. तो हाताला चरचरतो आणि डोळ्यांत गेला तर फार वाईट.)

हाच प्रयोग दोनशेहून अधिक वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये एका तरुणानं केला होता. त्याचं नाव मिशेल शेव्हरल. १८११ साली त्याच्याकडे डुकराच्या चरबीपासून केलेला साबण तपासायला आला. पाण्यात कालवल्यावर त्यातून मोत्यासारखी चमकणारी वस्तू खाली बसलेली त्याला दिसली. तिच्यावर त्यानं आम्लाची क्रिया केली आणि हाती आलं चरबीतलं आम्ल. त्यापूर्वी चरबीत आम्ल दडलेलं असतं हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. शेव्हरलनं त्या वस्तूला मोत्यासाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून नाव दिलं. बारा वर्षं तो चरबी, साबण आणि आम्ल यांच्याच मागे लागला आणि १८२३ मध्ये त्यानं यावर मोठा ग्रंथ लिहिला. पुढे १८२५ मध्ये गे-ल्युसॅक या शास्त्रज्ञाबरोबर त्यानं अशा मेदाम्लाच्या मेणबत्त्या करण्याचं पेटंट घेतलं. आधीच्या चरबीच्या मेणबत्त्या धूर ओकायच्या, त्यांना वास यायचा. नव्या मेणबत्त्या स्वच्छ जळू लागल्या. हा गृहस्थ चांगला १०२ वर्षं जगला! पॅरिसच्या आयफेल टॉवरवर ७२ शास्त्रज्ञ आणि अभियंत्यांची नावं कोरली आहेत, त्यांत त्याचंही आहे.

जाता जाता स्वयंपाकघरातलं असंच एक उदाहरण. जांभळाचं किंवा कोकमाचं सरबत वर्षभर टिकावं म्हणून त्यात सोडियम बेन्झोएट नावाची पांढरी पूड अगदी थोडी घालतात. कृतीत नेहमी लिहिलेलं असतं, 'पूड आधी थोड्या पाण्यात विरघळवून मग सरबतात घालावी.' का बरं? १०० मिलिलिटर पाण्यात ही पूड ६० ग्रॅमहूनही जास्त विरघळते. पण आंबट रसात तिचं बेन्झॉइक आम्ल होतं, आणि ते तेवढ्याच पाण्यात ग्रॅमच्या एक तृतीयांशाइतकंच विरघळतं. आंबट रसात पूड तशीच टाकली तर एकाच जागी आम्लाचे कण धरण्याची भीती. आधी पाण्यात पातळ करून, ढवळत ढवळत घातली की सगळीकडे सारखी पसरते. आणि एक गोष्ट, बुरशीला रोखण्याचं काम ते बिनभाराचं आम्लच करतं, कारण भार नसल्यामुळे ते बुरशीच्या पेशीत सहज शिरतं. म्हणून ही पूड आंबट पदार्थातच उपयोगी पडते, गोड्या दुधात तिचा काही उपयोग नाही. एकाच पदार्थाचं विरघळणारं रूप आणि काम करणारं रूप वेगवेगळं!

पंगतीतलं मीठ

लिंबाचं कोडं सुटलं. पण चिमीच्या बोअरमध्ये लिंबू कुठून येणार? त्या पाण्याचा सामू काही कमी नव्हता. मग मुलांनी तर्क केला, "बाई, त्या पाण्यात क्षार आहेत असं सगळे म्हणतात. म्हणजे मीठ असेल."

चला, मीठ घालून बघू. साबणाचं चांगलं घट्ट, गरम पाणी केलं. त्यात चमचाभर मीठ घातलं, काही नाही. दुसरा चमचा, तिसरा, चौथा, आणि साबण फाटून वर आला! गार झाल्यावर त्याचा मऊ थर वर धरला आणि खाली राहिलं खारट पाणी.

हे का झालं? आम्ल तर घातलं नव्हतं, डोक्यावरचा भार तर जागेवर होता.

लग्नाची पंगत आठवा. वाढपी दहा आणि पानावर माणसं पन्नास, सगळ्यांना वेळेवर वाढलं जातं. आता अचानक पाचशे पाहुणे आत घुसले आणि त्यांनी पहिली पानं धरली. वाढपी त्यांच्यामागेच धावणार. कोपऱ्यातल्या पानावरच्या काकांना कोण विचारतंय? काका शेवटी उठून जातात. पाण्याचे कण म्हणजे वाढपी. मिठातले सोडियम आणि क्लोराइडचे भारवाले कण म्हणजे ते पाचशे पाहुणे, आणि काका म्हणजे साबण. पाण्याचे कण मिठाच्या सरबराईत गुंतले की साबणाला पाण्यात धरून ठेवायला कोणी उरत नाही. शिवाय सोडियमची एवढी गर्दी झाली की ते साबणाच्या डोक्याला चिकटूनच बसतात, सुटे होत नाहीत.

साबणाच्या कारखान्यांत पूर्वापार हीच युक्ती वापरत आले आहेत. उकळत्या साबणात मीठ टाकतात, साबण वर येतो, ग्लिसरीन आणि जास्तीचा कॉस्टिक सोडा खालच्या खारट पाण्यात राहतो. पण मिठानं वर आलेला साबण साबणच असतो. आम्ही तो वरचा थर काढून पावसाच्या पाण्यात टाकला, तर पुन्हा विरघळला आणि फेसही आला. कोपऱ्यातले काका दुसऱ्या पंगतीला व्यवस्थित जेवले.

समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, बहुतेक मीठच. त्यात साध्या साबणाचं काही चालत नाही. पूर्वी जहाजावर गोडं पाणी पिण्यापुरतंच असायचं, मग खलाशांनी अंघोळ कशी करायची? त्यांच्यासाठी खोबरेल तेलाचा साबण असे. खोबरेलातल्या मेदाम्लांपैकी निम्म्याच्या आसपास लॉरिक आम्ल असतं, त्याची शेपटी बारा कार्बनचीच. शेपटी आखूड म्हणजे पाण्याचा तिटकारा कमी, म्हणून असा साबण खाऱ्या पाण्यातही बऱ्यापैकी तग धरतो. कोकणातल्या मुलांनो, तुमच्या माडाचा केवढा हा मान!

हे सगळं झालं खरं, पण चिमीला ते पटलं नाही. ती उठून म्हणाली, "बाई, आमचं पाणी खारट नाही लागत."

खरंच होतं! चार-पाच चमचे मीठ पडलेलं पाणी कोणी पिऊ शकेल का? आणि तिच्या बादलीतल्या कवड्या पावसाच्या पाण्यात टाकून पाहिल्या, तर त्या विरघळल्याच नाहीत. चोळल्या तरी फेस नाही. म्हणजे हे मिठाचं काम नव्हे. चौथीतल्या पोरीनं माझा अर्धा धडा खोडून काढला!

मग खरा गुन्हेगार कोण? बोअरचं पाणी जमिनीच्या पोटातून, खडकांच्या भेगांतून झिरपत येतं. येताना ते कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार बरोबर घेतं. रोजच्या बोलण्यात क्षार म्हटलं की आपल्याला खारट मीठच आठवतं, पण क्षारांची मंडळी फार मोठी आहे आणि सगळेच काही खारट नसतात. सोडियमला एक हात आहे असं समजा, तर कॅल्शियमला दोन. तो एका हातानं एका साबणाचं डोकं पकडतो, दुसऱ्या हातानं दुसऱ्याचं. डोकी आत, शेपट्या बाहेर, अशी ही जोडी पाण्याला अजिबात दाद देत नाही. लगेच कवडी होऊन बाहेर पडते. हाच तो साका. आणि त्यासाठी चार चमचे लागत नाहीत, जिभेला कळणारही नाही एवढं कॅल्शियम पुरतं. अशा पाण्याला पुस्तकात दुष्फेन पाणी म्हणतात आणि ज्यात फेस सहज येतो त्याला सुफेन. तुमच्या घरी बंब असेल तर त्याच्या आत पांढरा खडबडीत थर बघा, तोही याच मंडळींचा.

डाळीचंही तेच. डाळीच्या पेशींना जोडून ठेवणारा पेक्टिन नावाचा पदार्थ असतो. शिजताना तो विरघळला की डाळ मऊ होते. कॅल्शियम त्या पेक्टिनलाही दोन हातांनी घट्ट धरून बसतो.

मग आम्ही चार ठिकाणचं पाणी आणलं. सारख्या मापाच्या औषधाच्या बाटल्यांत सारखं पाणी घेतलं. पावसाच्या पाण्यात केलेलं साबणाचं द्रावण ड्रॉपरनं एकेक थेंब टाकायचं, बूच लावून हलवायचं, आणि फेस टिकायला लागला की थांबायचं. मुलं मोठ्यानं थेंब मोजत होती. पावसाचं पाणी ३ थेंब. नदीचं ११. शाळेच्या हापशाचं १९. चिमीच्या बोअरचं... वीस झाले, तीस झाले, वर्ग शांत झाला. ४३ थेंबांना कुठे फेस टिकला, तोही मरतुकडा. पाण्याचा दुष्फेनपणा साबणानं मोजायची ही रीत जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडमधल्या थॉमस क्लार्क नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं ती घालून दिली.

पाचवी ते दहावीच्या मित्रांनो, आता थोडं गणित, आणि पालकांनीही ते जरूर पाहावं. आपल्याकडच्या मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत दुष्फेनता असावी, दुसरी सोयच नसेल तर ६०० पर्यंत चालते. समजा तुमच्या बोअरची ५०० आहे. हा आकडा कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात असतो. १५ लिटरच्या बादलीत झाले साडेसात ग्रॅम. १ ग्रॅममागे सुमारे ६ ग्रॅम साबण कवड्या होण्यात जातो. म्हणजे एका बादलीत ४५ ग्रॅम! एवढा साबण गेल्यावर मग कुठे पुढचा कण मळाला हात लावणार. दीडशे ग्रॅमची वडी तीन-साडेतीन बादल्यांत फस्त, आणि कपडे तसेच. चिमीच्या घरचा साबण कुठे जात होता ते कळलं ना?

मी ही बेरीज घेऊन पुन्हा वस्तीवर गेले. चिमीच्या आईला आधी म्हटलं, "ताई, माझं चुकलं. चारचौघांत मी पोरीला नको ते बोलले." मग बाटल्यांची गोष्ट सांगितली. तिनं ती शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाली, "म्हंजे इतकी वर्षं मी साबण पाण्यालाच चारत होते म्हणा की."

उपाय फार अवघड नाहीत. बादलीत आधी पोह्याचे दोन-तीन चमचे धुण्याचा सोडा टाकून ढवळून ठेवायचं. कॅल्शियम सोड्याशी जोडी करून पांढरी पूड होऊन तळाला बसतो, मग वरच्या पाण्यात साबण वापरायचा. सोडा साबणापेक्षा पुष्कळ स्वस्त पडतो. पाणी नुसतं उकळलं तरी काही क्षार खाली बसतात, पण धुण्यासाठी इतकं सरपण कोण जाळणार? पावसाळ्यात पागोळीचं पाणी धरलं तर सगळ्यांत उत्तम, धुण्याला ते चांगलं चालतं. नाहीतर डिटर्जंट पावडर. पहिल्या महायुद्धात जर्मनीत चरबीची टंचाई झाली, तेव्हा साबणाला पर्याय शोधता शोधता डिटर्जंटचा उगम झाला. त्याच्या डोक्यात गंधक असतं, आणि ते डोकं लिंबालाही सहजी भार देत नाही आणि कॅल्शियमच्याही पकडीत फारसं सापडत नाही. भांडी घासायच्या लिक्विडच्या बाटलीवर लिंबाचं चित्र असतं ना? ते लिक्विड जर खरा साबण असतं, तर लिंबानं त्याचा केव्हाच फालुदा केला असता!

चिमीच्या आईनं सोड्याचा उपाय धरला. वडी आता आठवडाभर जाते. सदरा पांढराशुभ्र झाला असं काही मी म्हणणार नाही, जुना साका धाग्यांतून सहजासहजी निघत नाही. पण कडकपणा गेला. पुढच्या सोमवारी परिपाठात मी उभी राहिले आणि आठ दिवसांपूर्वी कोण चुकलं होतं ते मुलांना सांगितलं. या वेळी कोणी हसलं नाही. सांगताना माझा आवाज थोडा कापत होता, हे मात्र मागच्या रांगेतल्यांनी नंतर मला सांगितलं.

चौथ्या-पाचव्या दिवशी चिमी पुन्हा एक पुडी घेऊन आली. बादलीच्या कडेचा साका तिनं खरवडून आणला होता.

"बाई, लिंबानं फाटलेला साबण सोड्यानं परत आला. मिठानं वर आलेला पाण्यानं परत आला. मग हा का नाही येणार?"

मी म्हटलं, करून बघू. साका वाटीत घेतला, भरपूर लिंबू पिळलं, पाण्यासकट गरम केलं. लिंबातल्या हायड्रोजननं कॅल्शियमचे दोन्ही हात सोडवले असावेत, कारण कवड्या वितळून वर पिवळट तेलकट थेंब तरंगायला लागले. गार झाल्यावर तो मेणासारखा थर काढला, धुतला, पावसाच्या कोमट पाण्यात टाकला आणि त्यात सोडा घालून पुन्हा गरम केला. मग बाटलीत भरून बूच लावलं आणि बाटली चिमीच्या हातात दिली. तिनं डोळे मिटून ती जोरजोरात हलवली.

फेस आला. बोटभरच, पण आला.